दोन तारा, एक चर

‘सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते’ असं सांगितलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. ‘खरेदी विभागात’ हे पुढचे दोन शब्द ऐकले की तो पुन्हा सैल होतो आणि गालातल्या गालात हसतो. लग्नकार्यांत हे इतक्या वेळा झालंय की अलीकडे मी पहिल्या वाक्यावरच थांबते. पण दिवाळी अंकासाठी लिहायचं म्हटल्यावर लपवाछपवी कशाला? मी खरेदीवाली. शास्त्रज्ञाला काय हवंय ते त्याला पक्कं ठाऊक असतं, पण सांगता येत नाही. विक्रेत्याकडे काय नाही ते त्याला पक्कं ठाऊक असतं, पण सांगायचं नसतं. या दोघांच्या मध्ये कागदांचा गठ्ठा घेऊन जी बाई बसते, ती मी.

आमची प्रयोगशाळा कर्जत आणि खालापूरच्या मधल्या डोंगरउतारावर आहे. तिथे पावसाचा अभ्यास चालतो. ढग डोंगराला कसे अडतात, किती पाणी टाकतात, त्यातलं किती माती पिते आणि माती कधी ‘आता बास’ म्हणते, असा तो विषय. मी दहिवलीची. माहेरही तिथलंच आणि सासर चार घरं सोडून. त्यामुळे नोकरीभर मला बदलीचं भय नव्हतं. भय होतं ते फक्त लेखापरीक्षकांचं.

त्यांची एक गंमत सांगते. माथेरानच्या अंगाला उंचावर एक पर्जन्यमापक बसवायचा होता. रस्ता नाही, म्हणून बॅटऱ्या घोड्यावरून न्याव्या लागल्या. आता घोडा भाड्याने घेतला तरी भरायचा तक्ता गाडीचाच. त्यात रकाना होता, ‘वाहनाचा नोंदणी क्रमांक’. मी ‘लागू नाही’ लिहिलं. कागद परत आला. ‘विनाक्रमांक वाहन का वापरले, याचा खुलासा करावा.’ मग मला आठवलं की तिथल्या घोड्यांच्या गळ्यात नंबराचा बिल्ला असतो. घोडेवाल्याला फोन करून नंबर घेतला आणि रकान्यात भरला. पुढच्या आठवड्यात मंजुरी! घोड्याचं नाव राजा होतं, पण ते कुणी विचारलं नाही.

असो. ज्या खरेदीबद्दल लिहायचंय ती डॉक्टर नाईकांची.

डॉक्टर नाईक आमच्याकडचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ. ढगांवर बोलायला लागले की समोरचा चहा गार होणार. जेवणाचा डबा ते रोज कुठेतरी विसरायचे आणि तो रोज कुणीतरी आणून द्यायचं. एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले आणि मागणीपत्र ठेवलं. त्यावर एकच ओळ होती. ‘अतिशय वेगवान इंटरनेट जोडणी, नग एक.’

मी म्हटलं, ‘‘सर, अतिशय म्हणजे किती?’’

‘‘जितकी मिळेल तितकी.’’

‘‘सर, निविदेत असं लिहिलं तर जो तो आपल्याकडे आहे तितकी देईल.’’

ते खुर्चीत बसले आणि मग मला सगळं सांगितलं. तोवर आमच्या मोजमापांची माहिती पुण्याला कशी जायची, तर डिस्कवर भरून, डिस्क पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि खोकं जीपमध्ये. घाटात गाड्या अडकल्या की माहितीही अडकायची. आता एका केंद्रीय योजनेतून आम्हाला नवं रडार मिळणार होतं. ढगाच्या आत थेंब किती आणि केवढे, हे मिनिटामिनिटाला दाखवणारं. डॉक्टर त्याच्यासाठी अकरा वर्षं अर्ज करत होते. रडार येऊन पोचलंही होतं, पण उधारीवर. अट अशी की त्याची सगळी माहिती न तुटता, त्या त्या क्षणी बाहेर गेली पाहिजे. मे महिन्याच्या अखेरीस समिती येऊन बघणार. जोडणी अटीप्रमाणे नसेल तर रडार उचलून दुसऱ्या राज्यातल्या केंद्राला देणार. तिथे सगळं तयार होतं म्हणे.

‘‘मॅडम, तिथे सपाट मैदान आहे,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘डोंगर नाहीत. ते तिथे नेऊन काय बघणार?’’

त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी त्या क्षणी मनात ठरवलं की हे रडार इथून हलू द्यायचं नाही. खरेदी अधिकाऱ्याने असं मनात काही ठरवायचं नसतं, पण ठरवलं खरं.

आता ही जोडणी म्हणजे काय ते सांगते. आपण घरी घेतो ते इंटरनेट वेगळं. देशभरच्या प्रयोगशाळा आणि विद्यापीठं जोडणारं एक खास जाळं आहे. त्यातून डोंगराएवढी माहिती डोळ्याचं पातं लवेपर्यंत जाते. पण हे जाळं आपल्या दारात येत नाही. ते मोठ्या शहरातल्या एका खोलीपर्यंत येतं. तिथून आपल्या दारापर्यंत काचेची तार आपण आणायची. केसासारखी बारीक काच, तिच्यातून उजेड धावतो. ती तार रस्त्याकडेने, जमिनीत चर खणून, नळीतून घालून आणायची. हे काम दूरसंचार कंपन्या करतात आणि त्यांच्याकडून ते करून घ्यायला निविदा काढावी लागते.

तार एक असून चालत नाही. आमच्याकडे रस्त्याचं काम बारा महिने कुठे ना कुठे चालूच असतं. जेसीबीचा दात लागला की तार गेली. म्हणून तारा दोन लागतात, दोन वेगळ्या वाटांनी. एक तुटली की दुसरीवरून काम चालू. एसटी नाही का, पुढे रस्ता बंद असला की दुसऱ्या गावावरून वळवतात? तसंच.

निविदा मी स्वतः लिहिली. तीन आठवडे त्यावर बसले होते. निविदेआधीच्या बैठकीत एका कंपनीचे गृहस्थ हसत म्हणाले, ‘‘मॅडम, एवढा स्पीड घेऊन तुम्ही लोक बघणार काय?’’ मी म्हटलं, ‘‘पाऊस.’’ त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

दोन तारा दोन वेगळ्या कंपन्यांनी द्यायच्या, असं मी लिहिलं. वर ‘दोन स्वतंत्र मार्ग’ असंही लिहिलं, आणि मार्गाचा नकाशा जोडणं सक्तीचं केलं. त्या अटीवर मी खूश होते. कागदावर बोट ठेवायला जागा सापडणार नाही असं काम झालं की आम्हाला जे सुख होतं ते इतरांना कळायचं नाही. नकाशे आले. पहिल्या कंपनीची लाल रेघ जुन्या महामार्गाने चौकवरून येत होती. दुसरीची निळी रेघ कर्जतकडून, आमच्या दहिवलीवरून. दोन रेघा दोन दिशांनी येऊन आमच्या फाटकाशी भेटत होत्या. छान दिसत होत्या.

काम झालं. एप्रिलच्या सुरुवातीला दोन्ही तारांवर दिवे लागले. रडारचं चित्र पुण्याच्या पडद्यावर दिसलं तेव्हा डॉक्टर नाईकांनी पेढे वाटले आणि स्वतः खायचे विसरले. आता राहिला होता पूर्णत्वाचा दाखला. त्यावर तीन सह्या: शास्त्रज्ञांची, तांत्रिक विभागाची आणि शेवटची माझी. पहिल्या दोन झाल्या. कागद माझ्याकडे आला.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. आप्पा रेल्वेत गँगमन होते. कर्जतपासून पुढच्या घाटात रोज रूळ चालत तपासायचे. ‘‘कागदावरचा रूळ सरळच असतो गं,’’ असं म्हणायचे. तेव्हा ते फार मनावर घेतलं नाही. नोकरीत मी नकाशे बघून कितीतरी दाखल्यांवर सह्या केल्या, हे कबूल करते. पण त्या दिवशी डॉक्टरांचा तो बारीक आवाज आठवला आणि म्हटलं, या दोन रेघा एकदा पायांनी बघूया.

दुसऱ्या कंपनीचे देशमाने म्हणून व्यवस्थापक होते. गोल चेहरा, सदा हसतमुख. मी चालत मार्ग बघणार म्हटल्यावर ते म्हणाले, ‘‘मॅडम, उन्हात कशाला? गाडीतून दाखवतो ना.’’ दहिवलीपासून त्यांनी गाडीतून दाखवलं, आणि खरोखर सगळं जागेवर होतं. चेंबरची झाकणं, कंपनीच्या खुणेचे दगड, सगळं. ओढ्यावरच्या मोरीपाशी मी गाडी थांबवायला लावली. तिथून प्रयोगशाळेचं फाटक दोन किलोमीटर. एवढ्या शेवटच्या तुकड्यात दोन्ही कंपन्यांना रस्ता एकच; नकाशात लाल रेघ त्याच्या डाव्या अंगाने जात होती, निळी उजव्या. डावीकडे खुणेचे दगड होते. उजवीकडे एकही नाही.

‘‘रस्ता रुंद केला ना मॅडम, त्यात दगड गेले,’’ देशमाने म्हणाले. ‘‘तार आहे खाली. चालू आहे म्हणजे आहेच की.’’

उत्तर बिनतोड होतं. तार चालू होती, तेव्हा ती कुठेतरी असणारच.

मोरीच्या कठड्यावर, जांभळाच्या सावलीत एक बाई करवंदं घेऊन बसली होती. डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी वाडी आहे, तिथली. पन्नाशीची, काटक, पदराने कपाळ पुसत होती. मी एक द्रोण घेतला आणि सहज विचारलं, ‘‘बाई, इथे तार पुरली तेव्हा तुम्ही बघितलीत का हो? या बाजूला?’’

‘‘बघितली?’’ ती हसली. ‘‘अगं बाय, मीच खनली. ह्या मोरीपासना तुमच्या गेटापरत आमच्याच वाडीनं खनलाय चर. त्या साईटला.’’ तिने डावीकडे हात केला. ‘‘त्या ऐनाच्या झाडाखाली खडक लागला. तीन दिस फोडत व्हतो.’’

‘‘ती एका कंपनीची. दुसरी कंपनी? ती या बाजूला ना?’’

‘‘ह्या साईटला कोन खनलाय? कोनी नाय. चर येकच हाय. त्याच्यात नळ्या दोन टाकल्या, येक केशरी, येक निळी. मागनं ह्यो सायब आला,’’ तिने देशमान्यांकडे हनुवटी केली, ‘‘तवा आमाला नुसता दोर वढाया बोलावला. निळ्या नळीतना तार वढली. दोन दिसांत काम झाला.’’

मी देशमान्यांकडे बघितलं. ते हसतच होते, पण आता नुसते ओठ हसत होते.

‘‘मावशी, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?’’ ते म्हणाले.

‘‘मला कलत नाय? खनला मी रं! तू त्या झाडाखाली उबा राहून फोनवर बोलत व्हतास.’’

त्या बाईंचं नाव कमळाबाई वाघमारे.

ऑफिसात येऊन मी पाणी प्यायले आणि निविदेची प्रत काढून वाचली. चूक माझीही होती. मी कंपन्या दोन मागितल्या होत्या आणि नकाशे दोन मागितले होते. जमीन दोन ठिकाणी उकरली पाहिजे, हे इतक्या साध्या शब्दांत कुठेच लिहिलं नव्हतं. दुसऱ्या कंपनीने उजव्या बाजूची परवानगी वेळेत मिळेना म्हणून पहिलीची रिकामी नळी भाड्याने घेतली होती. नकाशा मात्र जुनाच ठेवला. आता मोरीवर एकदा जेसीबीचा दात लागला की लाल रेघही गेली आणि निळीही. तीन आठवडे बसून मी जे लिहिलं होतं, ते एका दाताचं काम होतं. मला माझाच राग आला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कंपन्यांना आणि आमच्या तांत्रिक विभागाला मोरीवर बोलावून झाकण उघडायला लावलं. आत केशरी नळी आणि निळी नळी शेजारी शेजारी, सख्ख्या बहिणींसारख्या. कमळाबाई वर कठड्यावर बसून बघत होत्या. ‘‘सांगितला व्हता ना?’’ एवढंच म्हणाल्या.

मी टिपणात लिहिलं, ‘खणकाम करणाऱ्या श्रीमती कमळाबाई वाघमारे यांच्या सांगण्यावरून संयुक्त पाहणी केली असता…’ ते वर गेलं आणि पेन्सिलीने शेरा येऊन परत आलं. ‘सदर व्यक्तीची तांत्रिक अर्हता काय?’ मी खाली शाईने लिहिलं, ‘सदर चर त्यांनी स्वतः खणला आहे. अन्य कोणाचीही ही अर्हता नाही.’ पुन्हा शेरा आला नाही.

पण खरा पेच पुढेच होता. समिती यायला चाळीस दिवस उरले होते. दाखला नाही म्हणजे जोडणी अपूर्ण, आणि जोडणी अपूर्ण म्हणजे रडार गेलं. संचालकांनी बोलावून घेतलं. माणूस भला, पण काळजीने अर्धा झालेला. ‘‘गायकवाड मॅडम, दोन तारा आहेत, दोन कंपन्या आहेत, दोन्ही चालू आहेत. सही करून टाका. पावसाळ्यानंतर दुरुस्त करून घेऊ. समिती काय जमीन उकरून बघणार आहे?’’

त्यांचं खरं होतं. समिती जमीन उकरणार नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर नाईक आले. मला वाटलं, हेही सही कर म्हणणार. ते खिडकीतून डोंगराकडे बघत म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्हाला जे योग्य वाटतं ते करा. मी काही सांगणार नाही.’’ आणि डबा माझ्या टेबलावर विसरून गेले.

याहून मोठा दबाव माझ्यावर नोकरीत कुणी आणला नाही. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी ताठ बसले असते. खोटं कशाला सांगू, मी पेन उचललं होतं. मग मनात आलं की ऐन जुलैत, भर पावसात, ज्या दिवशी त्या रडारची खरी गरज असेल, नेमक्या त्याच दिवशी मोरीपाशी काहीतरी खचणार. आणि तेव्हा डॉक्टरांच्या पडद्यावर माझी सही दिसेल. मी पेन ठेवलं आणि त्यांचा डबा द्यायला त्यांच्या खोलीत गेले.

सकाळी थेट वाडीवर गेले. खरं तर मी फक्त एवढंच विचारायला गेले होते की उजव्या बाजूने खणायला किती दिवस लागतील. कमळाबाई म्हणाल्या, ‘‘त्या साईटला नका जाऊ. सगळा कातळ हाय. दिवाळी व्हईल.’’

‘‘मग?’’

‘‘आमच्या वाडीच्या वाटेनं न्या ना. ओढ्याच्या पल्याड. खाली कर्जतच्या रस्त्याला मिलते. माती हाय, कातळ नाय. आमी पानी आनतो त्या वाटेनं, आमाला म्हाईत नाय व्हय?’’

नकाशात ती वाट नव्हतीच. पायवाट, ती कोण काढणार नकाशात? चौकशी केली तर ती गावठाणातून जाणारी, म्हणजे वनखात्याचा प्रश्न नाही. फक्त ग्रामपंचायतीची ना-हरकत हवी. पंचायतीच्या बैठकीला मी स्वतः जाऊन बसले. एक सदस्य म्हणाले, ‘‘तार नेताय, पन आमाला त्यातला इंटरनेट गावनार का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही.’’ ते म्हणाले, ‘‘बरं केलात, खरा बोललात,’’ आणि ना-हरकत दिली. अट एकच, खणायचं काम वाडीच्याच माणसांनी करायचं.

देशमान्यांच्या कंपनीला स्वतंत्र मार्गाची अट दाखवून पत्र गेलं. खर्च त्यांचा, कारण चूक त्यांची. देशमाने चार दिवस फुगून बसले, मग आले. आणि एकदा आले ते मनापासून कामाला लागले, हे सांगायला हवं. मे महिन्याच्या उन्हात टोपी घालून ते चराच्या काठाने फिरायचे. कमळाबाई चरातून ओरडायच्या, ‘‘ए सायबा, सावलीत उबा राव रं, पित्त व्हईल!’’ दुसऱ्या आठवड्यापासून ते दोघं एकत्र भाकरी खाताना दिसायला लागले. करवंदांच्या चटणीचं कौतुक मला देशमान्यांकडूनच ऐकायला मिळालं.

समिती यायच्या दोन दिवस आधी निळी तार नव्या वाटेने जिवंत झाली. मी ती वाट फाटकापासून कर्जत रस्त्यापर्यंत चालले आणि परत येऊन सही केली. हात जरा दुखत होता, इतकी दाबून केली.

समितीने जमीन उकरली नाही. पण समितीत एक खवट प्राध्यापक होते. त्यांनी विचारलं, ‘‘दोन वाटा कशावरून?’’ मी म्हटलं, ‘‘सर, चालून दाखवू?’’ ते चक्क निघाले. भर उन्हात ओढा ओलांडून, वाडीतून, पार खालपर्यंत. परत आल्यावर डॉक्टर नाईकांनी लाल रेघेच्या तारेची पिन काढली. पडद्यावरचं चित्र हललंसुद्धा नाही. प्राध्यापकांनी पाणी मागितलं आणि तिथेच कागदावर लिहिलं, ‘रडार येथेच ठेवावे.’ डॉक्टर नाईक बाहेर व्हरांड्यात गेले. मी मागे गेले नाही. त्या वेळी माणसाला एकटं सोडावं.

पुढे जुलैत झालं ते असं. एका सकाळी पहिल्या कंपनीचा फोन. ‘‘मॅडम, सॉरी, मोरीवर रस्ता खचला, तुमची लाइन तुटली.’’ मी धावत रडारच्या खोलीत गेले. डॉक्टर नाईक चित्र बघत बसले होते. ‘‘सर, लाइन तुटली!’’ ‘‘कुठे?’’ ते म्हणाले, ‘‘चालू आहे की.’’ आणि पुन्हा ढगात शिरले. आमच्या धंद्यात काम झाल्याची खूण ही अशी असते. कुणाला कळतसुद्धा नाही. पण मला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि ज्याला त्याचं मोल कळेल असं एकच माणूस होतं.

छत्री घेऊन मी वाडीवर गेले. कमळाबाई ओट्यावर नाचणीची रोपं निवडत होत्या. मी सगळं रंगवून सांगितलं. मोरी खचली, केशरी नळी तुटली, पण वाडीच्या वाटेने माहिती चालूच. पुण्याला चालू, दिल्लीला चालू, डोळ्याचं पातं लवायच्या आत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘त्या तुमच्या मशीनला डोंगरावरचा पाऊस आधी कलतो ना गं?’’

‘‘हो ना.’’

‘‘आनि पुन्याला लगेच कलतो?’’

‘‘लगेच.’’

‘‘मंग आमाला कोन सांगतो?’’

त्यांनी वर डोंगराकडे बघितलंसुद्धा नाही. रागावूनही बोलल्या नाहीत. रोपांतलं गवत वेगळं काढावं तसं विचारलं. मोठ्या पावसात ही वाडी खाली शाळेत हलवतात. कधी हलवायचं ते फोनवर कळतं, आणि पाऊस वाढला की सगळ्यात आधी फोनची रेंज जाते. त्यांच्या दारातल्या चरातून जगभर बातमी जात होती आणि त्यांच्या ओट्यावर येत नव्हती. मी दोन वाटा मोजत बसले होते. ही तिसरी माझ्या ध्यानातच आली नव्हती. फार लाज वाटली.

परत येऊन मी मागणीपत्र लिहिलं. खरेदीवालीने मागणी करायची नसते, म्हणून सही डॉक्टर नाईकांची घेतली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि सही केली. ‘भोंगा, नग एक.’

इशारा द्यायचा अधिकार आमचा नाही, तहसील कचेरीचा. म्हणून खालापूरला पाच चकरा झाल्या. तिथले लोक चांगले निघाले. आम्ही कळवायचं, त्यांनी बटण दाबायचं, असं ठरलं. वाडीच्या वाटेत आमची तार पुरलेलीच होती, तिच्यात काचेचे बरेच धागे असतात, त्यातलाच एक रिकामा धागा भोंग्याला दिला. भोंगा समाजमंदिराच्या छपरावर बसला.

चाचणीच्या दिवशी सगळी वाडी जमली. भोंगा वाजला. कानठळ्या बसल्या, सगळे खूश. कमळाबाई मात्र टेकाडामागच्या चार घरांकडे जाऊन थांबल्या होत्या. दम खात परत आल्या. ‘‘तिकडं काय पन येत नाय. तुमचा भोंगा गावाकडं बोंबलतो, आमच्याकडं पाठ हाय त्याची.’’

भोंगा फिरवला. त्या पुन्हा टेकाडामागे गेल्या. पुन्हा वाजवला. या वेळी हसत आल्या. ‘‘आता पोरा रडाया लागली. चांगला हाय.’’

सरकारी खरेदीत माल मिळाला की शेवटी वापरकर्त्याचा दाखला लागतो. ज्याच्यासाठी वस्तू घेतली त्याने ‘समाधानकारक’ म्हणून सही करायची असते. आमच्याकडे वापरकर्ता म्हणजे नावाआधी डॉक्टर असलेला माणूस. मी तो कागद समाजमंदिराच्या पायरीवर कमळाबाईंच्या पुढे ठेवला. नाव लिहिलं. पुढचा रकाना होता पदनामाचा.

‘‘पदनाम म्हंजे गं काय?’’

‘‘या कामात तुम्ही कोण, ते.’’

त्यांनी टेकाडाकडे बघितलं, मग छपरावरच्या भोंग्याकडे.

‘‘लिव,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ऐकनारी.’’

मी तेच लिहिलं. खाली त्यांनी एकेक अक्षर जुळवत सही केली, आणि त्याखाली मी माझी.